मधाच्या रंगाचं वाडगं

तबस्सुम मुकादमने ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी रियाधमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये पानगळ आणली. बाहेर छत्तीस डिग्री होतं आणि रस्त्यावरच्या एकाही झाडाला पान गाळायची घाई नव्हती. पण मोबाइलवरच्या व्हिडिओतली बाई म्हणाली होती की ऋतू आधी घरात आणावा लागतो, आणि ते तबस्सुमला पटलं. तसं घरात यायला दुसरं कोणी नव्हतंच.

लेक इफरा ऑगस्टमध्ये पुण्याला कॉलेजात गेली. तोवर चौदा वर्षं तबस्सुमचा दिवस स्कूलबसच्या वेळेवर चालला होता. बस बंद झाली आणि दिवसाचं इंजिनच बसलं. नवरा शारीक सकाळी साडेसातला मेट्रोने ओलाया भागातल्या ऑफिसला जाई, तो संध्याकाळी सातला परत येई. जुन्या मैत्रिणी मुलांच्या कॉलेजपायी एकेक करून भारतात गेल्या होत्या. उरल्या त्या फक्त ग्रुपवर गुलाबाची फुलं पाठवायला. तबस्सुमला फार काही नको होतं. कोणीतरी घरी यावं, सोफ्यावर टेकावं, घर छान लावलंस म्हणावं आणि दुसरा चहा होईपर्यंत उठू नये, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिने मॉलच्या सेलमधून मधाच्या रंगाच्या काचेच्या चार वस्तू आणल्या. दोन उंच फुलदाण्या, एक झाकणाची बरणी आणि एक बसकं वाडगं. व्हिडिओत त्यांच्यात खरीखुरी वाळकी पानं होती. रियाधमध्ये वाळकी पानं फक्त मसाल्याच्या डब्यात मिळतात, तेव्हा तिने फुलदाण्यांत तमालपत्रं खोवली, बरणीत दालचिनी आणि चक्रफूल भरलं, वाडग्यात सुक्या मिरच्या रचल्या आणि सगळं सोफ्यासमोरच्या टेबलावर मांडलं.

संध्याकाळी शारीक आला. बूट काढता काढता त्याची नजर टेबलावर गेली.

"काय गो, बिर्याणीचा मसाला असा उघड्यावर का ठेवलास?"

"मसाला नाय तो. पानगळ हाय."

"बरं," शारीक म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झालेला माणूस होता तो. "मग बिर्याणी नाय ना आज?"

इफराने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि "सो प्रीटी, मम्मा, बाय, लेक्चर आहे" असं एका श्वासात म्हणून फोन ठेवला. पुढचे आठ दिवस पानगळीकडे दुसरं कोणी पाहिलं नाही. शुक्रवारी पुलावासाठी त्यातली दोन पानं तेवढी गळाली.

नवव्या दिवशी बेल वाजली. दारात मुन्नी उभी होती. मुन्नी हैदराबादची, चौथ्या मजल्यावर दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या म्हाताऱ्या सौदी बाईंकडे कामाला. त्या बाईंना सगळे उम्म तलाल म्हणत, म्हणजे तलालची आई. मुन्नीच्या हातात कापीव काचेचं जड, चकचकीत वाडगं होतं आणि त्यात तुपात घोळलेला खजूर.

"अम्मा भेजे, बाजी."

"आओ ना अंदर, बैठो," तबस्सुम म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच उत्सुक निघाला.

"नक्को, लिफ्ट रोक के आई हूं," म्हणत मुन्नी गेलीसुद्धा.

आता श्रीवर्धनला तबस्सुमच्या माहेरी शेजारचं भांडं रिकामं परत गेलं असं कोणाच्या आठवणीत नव्हतं. घरात काही नसलं तर तिची आई त्यात चार कोकमं तरी टाकायची. तबस्सुमने सांदणं करायचं ठरवलं, तांदूळ भिजत घातले आणि ते वाडगं धुवायला घेतलं. घरातले स्टीलचे डबे ती आपटून-धोपटून घासायची, त्यांना कधी काही झालं नव्हतं. हे मात्र तिने तान्ह्या मुलासारखं जपून धुतलं. साहजिकच ते हातातून निसटलं आणि सिंकमध्ये त्याचे तीन तुकडे झाले.

वर जाऊन सांगावं, तर तबस्सुमचं अरबी भाजीबाजारातलं. 'केवढ्याला', 'कमी करा' आणि 'खलास' यांच्यातून 'तुमचं वाडगं माझ्या हातून फुटलं, मला फार वाईट वाटतंय' हे वाक्य काही जुळेना. शेवटी तिने मिरच्या उपसल्या, आपलं मधाच्या रंगाचं वाडगं पुसलं, सांदणांनी भरलं आणि मुन्नीच्या हाती दिलं. वाडग्याबदली वाडगं. त्या समजून घेतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

उम्म तलालनी काय समजून घेतलं ते तिसऱ्या दिवशी कळलं. मधाच्या रंगाचं वाडगं परत आलं. त्यात खजूर भरलेली गोल बिस्किटं शिगोशीग होती. रिकामं भांडं परत करू नये, हा नियम श्रीवर्धनपुरताच आहे असं तबस्सुम समजत होती. तो चौथ्या मजल्यालाही लागू आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"ह्यांचं वाडगं माझ्याकडनं फुटलं, मी बदली दिलं, तर ते बी भरून परत धाडलं," तिने शारीकला सांगितलं.

"मग आणखी एक दे. दोन दिलीस की समजेल त्यांना."

हा सल्ला देताना शारीक तिसरं बिस्किट खात होता. पुढे पुष्कळ दिवस त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. तबस्सुमने वाडग्यात पुन्हा सांदणं भरली, बरणीतली दालचिनी काढून तिच्यात कोलंबीचं लोणचं घातलं आणि दोन्ही वर पाठवलं. चार दिवसांनी दोन्ही भरून खाली आलं, आणि सोबत सोनेरी काठाची एक बशी. आता बशी आली म्हणजे तीही रिकामी कशी पाठवायची? मग बशीबरोबर फुलदाणी गेली. उंच फुलदाणीत नारळाच्या वड्या एकावर एक उभ्या रचल्या होत्या; त्या वरच्यांनी कशा काढल्या असतील हा विचार तबस्सुमला त्या निघून गेल्यावर सुचला. दर खेपेला ती मुन्नीला "बैठो" म्हणे आणि दर खेपेला मुन्नीची लिफ्ट थांबलेली असे.

नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा दुसरी फुलदाणीही वर गेली होती आणि टेबलावरची पानगळ पार ओसरली होती. तमालपत्रं पुन्हा डब्यात गेली होती. जेवायच्या टेबलावर चौथ्या मजल्याच्या बश्या, कप आणि एक तबक यांनी इतकी दाटी केली होती की शारीक ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवत असे.

"ह्याचा शेवट व्हायला एक तर त्यांचा खजूर संपाया हवा," तो म्हणाला, "नायतर मी. डॉक्टर विचारतो, मुकादम, काय खाता? मी काय सांगू, शेजार खातो?"

इफराला विचारलं तर ती म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल हर ना. इतकं सिंपल आहे."

सिंपल होतं खरं. पण खरी गोष्ट तबस्सुमने दोघांनाही सांगितली नव्हती. दुपारी बेल वाजली की तिला बरं वाटे. सांदणं फुगली की नाहीत याची काळजी करण्यात तिचे दोन-तीन तास छान जात. आणि तरीही या सगळ्या महिन्याभरात तिच्या सोफ्यावर कोणी टेकलं नव्हतं. एवढी भांडी आली आणि गेली, माणूस एकही आलं नाही, या विचाराने एका दुपारी तिला एकदम रडू आलं. मग रडण्याचाही कंटाळा आला आणि तिने ठरवलं, आज खलास करायचं.

ती उठली. मधाच्या रंगाचं वाडगं धुतलं, पुसलं आणि रिकामंच हातात घेतलं. मुद्दाम. हे तिच्या आईने पाहिलं असतं तर आठवडाभर बोलली नसती. लिफ्टने ती चौथ्या मजल्यावर गेली आणि बेल दाबली.

दार मुन्नीने नाही, उम्म तलालनी स्वतः उघडलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, हाताला मेंदी. त्यांनी तबस्सुमकडे पाहिलं, रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं, आणि मनगट धरून तिला आत ओढलं. खोलीत चारही भिंतींना लागून सोफे होते. तीस माणसं आरामात बसली असती. बसलेलं कोणीच नव्हतं. मधल्या टेबलावर तबस्सुमच्या दोन्ही फुलदाण्या ताज्या पुदिन्याच्या जुड्या घेऊन उभ्या होत्या. मुन्नी आतून धावत आली आणि तबस्सुमला पाहून जागीच थांबली.

"मुन्नी, इनको बोलो," तबस्सुमने एका दमात सांगून टाकलं, "इनका पहला वाला काच का कटोरा मेरे हाथ से टूट गया. उसके बदले ये दिया था. ये वापस मत भेजना. मुझे बहुत शरम आ रही है."

मुन्नीने अरबीत सांगितलं. उम्म तलाल ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदरासारखी ओढणी तोंडाला लावली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तबस्सुमला वाटलं, वाडगं वारशाचं होतं की काय. पण त्या हसत होत्या. हसू आवरून त्या बरंच काही बोलल्या.

"अम्मा बोल रे," मुन्नी म्हणाली, "आपका शहद के रंग का कटोरा पैले दिनच उनके हात से गिर के फूट गया. शरम के मारे उनो ड्रायवर को चार दुकानां फिरा के वैसाच मंगाए. उसमें बिस्किट भर के भेजे. तो ये आपके हात में जो है ना, बाजी, ये हमाराच है."

तबस्सुमने हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. म्हणजे महिनाभर ती त्यांना त्यांचंच वाडगं भरपाई म्हणून देत होती आणि आज तेही रिकामं घेऊन आली होती. तिला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. दोघी समोरासमोर उभ्या राहून डोळे पुसत हसत राहिल्या.

मग उम्म तलाल मुन्नीकडे न बघता थेट तबस्सुमशी बोलल्या. त्यात 'तआली' आलं आणि 'लेश' आलं. 'तआली' म्हणजे ये आणि 'लेश' म्हणजे का, एवढं तबस्सुमला येत होतं.

"क्या पूछ रहीं?" तिने मुन्नीला विचारलं.

मुन्नी गालिच्याकडे बघायला लागली. "पूछ रईं कि हर बार मुन्नी के हात बुलावा भेजी, ऊपर आओ, साथ में बैठेंगे बोल के. तुम आई क्यों नै."

"बुलावा? तुमने तो एक बार भी नहीं बताया."

"अब देखो बाजी," मुन्नी म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात कसली लपवाछपवी नव्हती, "आप दोनों एक बार बैठे तो रोज बैठेंगे. आपको अरबी नै आती, उनको उर्दू नै आती. बीच में कौन बोलता? मैं. गहवा कौन बनाता? मैं. दोपहर में जरा लेटती थी, वो भी गया."

उम्म तलालना यातलं काही कळलं नाही, पण मुन्नीचा चेहरा त्यांना कळला. त्यांनी एकच शब्द उच्चारला आणि मुन्नी गहवा करायला निघून गेली. तलाल दम्मामला होता, धाकटी लेक जेद्दाला, आणि शुक्रवारीसुद्धा हल्ली फोनच येतो. हे त्यांनी हातवारे करून सांगितलं आणि तबस्सुमला नीट समजलं. तिने 'इफरा' म्हणून विमान उडवून दाखवलं. त्यावर उम्म तलालनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

गहवा आला. फिकट, वेलचीची अरबी कॉफी, हातभर किटलीतून घोटभर कपात ओतलेली. तिथला रिवाज असा की कप पुढे केला की वाढणारी तो भरते, आणि पुरे झालं की कप हातातच जरा हलवायचा, मग ती थांबते. कोणी नवखं असलं की बिचारं पीत राहतं. तबस्सुमचा तिसरा कप झाला, पाचवा झाला. किटली धरून उभ्या मुन्नीने पाय बदलला. सातव्या कपाला तिला राहवेना.

"बाजी, आपको मालूम नै क्या," ती हळूच म्हणाली, "बस हुआ तो कप हिलाना पड़ता."

तबस्सुमला रियाधमध्ये एकोणीस वर्षं झाली होती. हे तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. तिने कप पुढे केला आणि तो जराही हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरला.