वाघाची दाढ

"उजव्या गालाला रंग जास्त लागतोय," असं रंगारी म्हणाला आणि उमानाथ सालियन धावत जवळ आला.

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे डाव्या गालावर पट्टे बसले आणि उजव्यावर अजून जागा उरलीय. सुजलाय गाल ह्याचा."

विट्टलपिंडीची, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. उडुपीत गल्लोगल्ली ताशे कडाडायला लागले होते आणि कट्टेबैल युवक मंडळाचे वाघ, म्हणजे वाघाचं सोंग घेऊन नाचणारे गडी, शेडमध्ये आडव्या बांबूवर हात पसरून, अंगावरचा रंग वाळायची वाट बघत उभे होते. ज्याचा गाल सुजला होता तो मुख्य वाघ, योगीश पूजारी. एरवी तो मलपे बंदरातून मासळीचा ट्रक चालवायचा.

उमानाथ मंडळाचा सेक्रेटरी. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मशीन कागद खाईल या भीतीने तो प्रत्येक प्रतीआधी मशीनला मनातल्या मनात हात जोडायचा. अशा माणसावर यंदा मंडळाच्या रंगमंचाचं छप्पर येऊन पडलं होतं. खरं म्हणजे छप्पर पडलं नव्हतं, उडालं होतं. आषाढातल्या वाऱ्याने सगळे पत्रे शेजारच्या माडांच्या बागेत नेऊन टाकले, यक्षगानाचे खेळ बंद पडले आणि मुलांचा चेंडे हे ढोल शिकायचा वर्गही थांबला. मस्कतला हॉटेलं असलेल्या भोजराज शेट्टींनी पत्र्यांचा सगळा खर्च उचलतो म्हणून सांगितलं होतं. अट एकच. त्यांच्या अंगणात, त्यांच्या सगळ्या पाहुण्यांसमोर, वाघाने तांदळाची मुडी दातांनी उचलून पाठीमागे भिरकवायची. पेंढ्यात बांधलेली ती मुडी साध्या माणसाला दोन्ही हातांनीही हलत नाही. उडुपीत ती दातांनी भिरकावणारे मोजकेच, आणि कट्टेबैलात एकटा योगीश.

"योग्या, आ कर," उमानाथ म्हणाला आणि त्याने मोबाईलचा उजेड आत मारला. "कधीपासून दुखतंय?"

"अष्टमीच्या आधीपासून."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर डॉक्टरकडे नेलं असतंस."

"मुडी उचलशील ना पण?"

"डाव्या बाजूनं उचलतो की! बघ." असं म्हणून योगीशने कोपऱ्यातलं गोणपाट दातांत धरून हिसका दिला आणि असा काही ओरडला की ताशेवाला सेसप्पा दचकून उठला. वाघाच्या अंगात आलं असं समजून त्याने ताशा धरला. ताशा ऐकून बाकीचे वाघ ओल्या रंगानिशी नाचायला लागले, एकमेकांवर आपटले, आणि एका वाघाच्या पाठीवर दुसऱ्या वाघाचा पंजा उमटला. रंगारी डोकं धरून बसला. योगीश गाल धरून बसला. उमानाथला बसायला जागाच उरली नाही.

सणाच्या दिवशी दातांचे सगळे दवाखाने बंद होते. तेलाच्या घाण्यावरच्या माडीत नुकताच थाटलेला डॉ. वृंदा पै यांचा दवाखाना तेवढा उघडा होता. नव्या दवाखान्याला सुट्टी परवडत नाही.

"अण्णा, मुडी आण, बोकड आण, दातांनी उचलतो," टेम्पोच्या मागच्या भागात उभा असलेला योगीश विनवत होता. रंगामुळे रिक्षावाल्यांनी त्याला बसू दिलं नव्हतं. "पण ते सुईचं तेवढं नको."

"सुई मुंगीसारखी चावते रे."

"मग तू टोचून घे."

माडीचं दार वाजवल्यावर एका चष्मेवाल्या तरुण बाईने ते उघडलं, समोर पिवळाधमक, पट्ट्यापट्ट्यांचा, लाल डोळ्यांचा वाघ बघितला आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"डॉक्टरबाई, तातडीची केस आहे!" उमानाथ ओरडला.

"आधी त्याला बाजूला करा!"

"अहो, केस तीच आहे!"

मग दारामागून बारीक आवाज आला, "हे बघा, मला वाघांची भीती वाटते. लहानपणी आमच्या अंगणात वाघ नाचायचे तेव्हा मी तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसायचे. वर्गणी देऊन झाली, वाघ गेले, तरी मला कुणी बाहेर काढू शकायचं नाही."

"अहो बाई मारायरे, हा खरा वाघ थोडाच आहे? योगीश आहे हा. मासळीचा ट्रक चालवतो."

"ते मला कळतं हो. पण माझ्या पायांना नाही ना कळत."

उमानाथने कपाळाला हात लावला. खाली रस्त्यावर सेसप्पा आणि उरलेले वाघ येऊन थांबले होते. शेट्टींच्या घरून दोनदा फोन येऊन गेला होता. पाहुणे जमले, मुडीला हळदकुंकू लावून झालं, वाघ कुठंयत?

तेवढ्यात योगीश दाराला तोंड लावून, सुजलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही घाबरू नका. मी जातो. मलाही लई भीती वाटतेय."

कडी वाजली. दार बोटभर उघडलं. "तुम्हाला? कशाची?"

"तुमची."

डॉक्टरबाईंनी त्या फटीतून त्याच्याकडे नीट बघितलं. तो खरंच एकेक पाऊल जिन्याकडे मागे सरकत होता. त्यांनी दार उघडलं, तोंडावर मास्क चढवला आणि खुर्चीवर वर्तमानपत्रं अंथरली. "बसा. आणि माझ्याकडे बघू नका. मीही तुमच्या फक्त दातांकडेच बघते."

"अक्कलदाढ आहे," तपासून त्या म्हणाल्या. "किडलीय. काढावी लागेल."

"ह्याला अक्कलदाढ?" जिन्यावरून डोकावत सेसप्पाने विचारलं. "नक्की ह्याचीच आहे ना?"

सुई दिसताच योगीशने तोंड मिटलं ते उघडेना. उमानाथने समजावलं, दटावलं, छपराची आठवण दिली, मुलांच्या चेंड्यांची आठवण दिली. वाघ नाकाने श्वास घेत राहिला. शेवटी सेसप्पा म्हणाला, "असं नाही उघडायचं ते. ताशाशिवाय ह्यानं कधी काही धाडस केलंय का?" आणि त्याने तिथेच, जिन्यावर, ताशावर काडी ठेवली.

पहिल्या ठोक्याला योगीशचे डोळे चमकले. दुसऱ्याला त्याने जबडा उघडून डरकाळी फोडली. डॉक्टरबाईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि सुई टोचली. मग मात्र पंचाईत झाली. तोंड खुर्चीत स्थिर, पण पाय ठेक्यावर नाचायला लागले. उमानाथने पाय धरले, पायांनी उमानाथलाही नाचवलं. "हळू वाजवा!" बाई ओरडल्या. सेसप्पाने हळू वाजवलं तर तोंड मिटायला लागलं. "जोरात वाजवा!" त्या त्याहून मोठ्याने ओरडल्या. ताशा टिपेला पोहोचला आणि दाढ हातात आली. त्यांचे पांढरे हातमोजे कोपरापर्यंत पिवळे झाले होते, आणि भीती नेमकी कधी बाजूला पडली ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"हा कापूस दाताखाली दाबून धरायचा," त्या दम खात म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. काही चावायचं नाही, उचलायचं तर नाहीच."

उमानाथने मान खाली घालून मुडीचं सगळं सांगितलं.

"दातांनी? आत्ता? अहो, रक्त थांबायचं नाही त्याचं!"

"मी सांगतो शेट्टींना," उमानाथ म्हणाला. पण हे बोलून तो तिथेच बसून राहिला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग योगीशकडे बघितलं. ताशा वाजला की हा गडी मुडीवर झेप घेणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"मी येते," त्या म्हणाल्या. आणि निघाल्या. वाघ रस्त्याच्या एका कडेने, त्या दुसऱ्या कडेने, छत्री घट्ट धरून.

शेट्टींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मुडी, समोर आरामखुर्चीत भोजराज शेट्टी. ताशा घुमला, वाघ गोल फिरले, योगीशच्या पाठीला चिकटलेल्या वर्तमानपत्रावरची लग्नाची जाहिरात पाहुण्यांनी मोठ्याने वाचली. मग योगीश मुडीभोवती दबकत फिरला, वाकला आणि त्याने जबडा उघडला.

"तोंड मीट!"

छत्री उगारून डॉक्टरबाई अंगणात घुसल्या होत्या. वाघाने जागच्या जागी तोंड मिटलं. पुन्हा ताशा चढला, पुन्हा जबडा उघडला, पुन्हा "मीट म्हटलं ना!" वाघ शेपूट घालून मागे सरकला. अंगणात हशा आणि टाळ्या कोसळल्या. वाघांच्या नाचात मागून शिकाऱ्याचं सोंग येतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण चष्मेवाली, छत्रीवाली शिकारीण कुणी बघितली नव्हती. उमानाथ एका खांबामागे उभा राहून घाम पुसत होता.

"वा! झकास!" शेट्टी उठून उभे राहिले. "पण मुडीचं काय, सेक्रेटरी? मुडीचं ठरलं होतं."

उमानाथ खांबामागून बाहेर आला. ह्या क्षणी रंगमंचाला छप्पर नव्हतं, पुढेही असणार नव्हतं, आणि सगळ्या कट्टेबैलात हे आपल्याच नावाने सांगितलं जाणार होतं.

डॉक्टरबाई शेट्टींकडे वळल्या. त्यांनी चष्मा सावरला. "भोजराज शेट्टी ना तुम्ही? मी दवाखाना उघडला त्या पहिल्याच आठवड्यात रूट कॅनाल अर्धं करून गेलात ते? कॅप बसवायला येणार होतात."

शेट्टींनी घाईने ओठ मिटले.

"आ करा बघू."

"नको... नको हो," शेट्टी मिटल्या तोंडाने पुटपुटले. "पाहुणे आहेत."

"दुखतंय की नाही?"

शेट्टींनी पाहुण्यांकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. मग उमानाथचा हात धरून त्याला बाजूला नेलं. "पत्रे कधी मागवायचे ते सांग," ते ओठ न हलवता म्हणाले. "मुडीचं राहू दे. आणि बाईंना आधी पलीकडे सरबत द्यायला ने."

पत्रे दिवाळीआधी चढले. चेंडे पुन्हा वाजायला लागले. योगीशने तर त्या संध्याकाळीच कापूस काढून मासे खाल्ले होते आणि तक्रार केली नव्हती.

पुढच्या विट्टलपिंडीला कट्टेबैलचे वाघ डरकाळ्या फोडत रस्त्याने निघाले. दुकानदार बाहेर आले, पोरं पळाली, कुत्री ओट्याखाली गेली. तेलाच्या घाण्यासमोर येताच सेसप्पाने ताशा हळू केला. सगळ्या वाघांनी तोंडं मिटली, माना खाली घातल्या आणि चवड्यांवर, भिंतीला चिकटून, एकामागोमाग एक ते माडीखालून निघून गेले.

वरच्या माडीत, दाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, डॉक्टरबाई ते जायची वाट बघत उभ्या होत्या.