डोंगराची परतभेट

ज्या डोंगरावर आपण चढतो, त्याला एकदा आपल्यावर चढण्याचा हक्क असतो. सुमित्रा केळुसकरांच्या बाबतीत तो डोंगर फार उंच होता, एवढंच. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या परदेशातल्या एका ज्वालामुखीच्या शिखरावर जाऊन आल्या होत्या. यंदा डोंगराचा निरोप आला आणि तेव्हाचा वाटाड्या फेलिक्स लोबो बेत आखायला देवरुखला त्यांच्या घरी आला.

चहा झाल्यावर त्याने त्यांच्याभोवती एक फेरी मारली. पहिला मुक्काम गुडघ्यावर, दुसरा खांद्यावर करू म्हणाला. इथली दाट हवा डोंगराला एकदम सोसत नाही. वाट डाव्या खांद्यावरून नको, असं सुमित्राताईंनी सांगितलं. शेवटच्या आजारपणात यजमान तिथे डोकं टेकत. ती बाजू अजून भुसभुशीत होती. फेलिक्सने कारण विचारलं नाही.

मग तो म्हणाला, "ताई, ज्वालामुखीबद्दल विचारतात तेच सगळ्यांनाच विचारतो. तुम्ही निद्रिस्त की मृत?"

यजमान गेल्यापासून त्या कुणावर चिडल्या नव्हत्या, मोठ्याने हसल्याही नव्हत्या. किती शांत झाल्यात, असं लोक कौतुकाने म्हणत. मृत म्हटलं असतं तर बेत तिथल्या तिथे पक्का झाला असता.

"निद्रिस्त," त्या म्हणाल्या.

मग डोंगराला विचारावं लागेल, असं सांगून फेलिक्स गेला. धोका पत्करायचा की नाही, हे चढणाऱ्याने ठरवायचं असतं. सुमित्राताईंना वाटलं, आता कुणी यायचं नाही. पण काही दिवसांनी फेलिक्सचा फोन आला. डोंगर येतो म्हणाला होता. त्यालाही लोक किती शांत झालाय, असंच म्हणत.

थंडी सरताना एका सकाळी, अंगणात खुर्चीवर बसलेल्या सुमित्राताईंच्या माथ्यावर डोंगर पोचला. मान थोडी वाकली, मग सावरली. ओझं होतं, पण ऊबही होती. डोंगर वरून हलेना, तेव्हा त्यांनी सोबत आलेल्या फेलिक्सला हळूच विचारलं, तो बघतोय तरी काय.

"काही नाही," फेलिक्स म्हणाला. "आजवर उभाच होता. आता जरा बसलाय."

त्यांना हसू आलं, तेही पोटातून. डोंगर हादरला, पण उतरला नाही.

शेजारच्या नलूताई कुंपणाशी आल्या आणि त्यांनी बाजारात येताय का, म्हणून विचारलं.

"आज नको," सुमित्राताई म्हणाल्या. "वर पाहुणे आहेत."

नलूताईंनी वर पाहिलं, पदर सारखा केला आणि पावलांचा आवाज न करता निघून गेल्या.