परकारभाईंची एकुलती एक रायफल

चार गोळ्या झालेल्या असतात. पाचवी भरायला मी बोल्ट मागे ओढतो, तेवढ्यात माझ्या कानावरचा, आवाज अडवणारा मफ कुणीतरी बोटाने उचलतं आणि आत तोंड घालून सांगतं, "बापटसाहेब, ही शेवटची हां. मग नंबर बदलायचा." मफ परत कानावर. आता सांगा, ती पाचवी गोळी कुठे जाणार? सहा वर्षं झाली, माझी पाचवी गोळी कधी धड गेलेली नाही. क्लबच्या कोचने दोनदा दम दिला, पण हा गृहस्थ ऐकेल तर शपथ.

हा गृहस्थ म्हणजे इब्राहिम परकार. मूळचे हर्णैचे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. सव्वीस वर्षं झाली. बायको, मुलं गावी. राहायला दुबईतल्याच करामा भागात, आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, चार बॅचलरांच्या फ्लॅटमध्ये. सत्तावन्न वर्षांचा, तीन मुलांचा बाप, पण इथे बायको जवळ नसली की माणूस बॅचलर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे फॅमिलीवाले.

स्टोअरकीपरी माणसाच्या हाडात शिरते. कारखान्यात एक मोठा पाना होता, तो चार डिपार्टमेंटला लागायचा. मॅनेजर म्हणाला, आणखी तीन मागवू. परकारभाई म्हणाले, "काय गरज? एक वस्तू, चार हात. खलास." त्या पान्यावाचून कुणाचं काम अडलं नाही म्हणे. तेव्हापासून हेच तत्त्व त्यांनी सगळ्या दुनियेला लावलं, आणि दुनियेची सुरुवात आमच्या बिल्डिंगपासून झाली.

आमचा मिक्सर जळाला, तर नवा आणायच्या आत खालून मिक्सर हजर. "पंधरा दिवस वापरा, मग चौथ्या मजल्यावर द्या." बायको वैतागली, "अहो, मला नवा घेऊ द्या की! कधीपासून वाट बघतेय हा जळायची." सुट्टीवर जाताना बॅगा तोलायचा काटा अख्ख्या बिल्डिंगीत एकच. कोटाची तर गोष्टच सांगायला हवी. त्यांच्याकडे एक निळा कोट आहे. नोकरी शोधायला आलेल्या पोरांना ते तो इंटरव्ह्यूला देतात. करामातल्या निम्म्या बायोडेटांवरच्या फोटोत तोच कोट आहे, फक्त मुंडकी बदलतात. एकदा एकाच ऑफिसात एकाच सकाळी तिघांचे इंटरव्ह्यू. परकारभाई खाली लिफ्टपाशी उभे राहून उतरणाऱ्याच्या अंगातला कोट काढून चढणाऱ्याच्या अंगात घालत होते. तिसऱ्याला वर साहेबाने विचारलं, "तुम्ही सगळे एकाच टेलरकडे जाता का?" तिघांतले दोघं लागले. "कोट लकी आहे," परकारभाई म्हणाले. तिसऱ्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याला ढगळ झाला. इन्शाल्ला पुढच्या वेळी."

तर अशा माणसाकडे रायफल.

सहा वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं. "बापटसाहेब, शुक्रवारी काय करता?" तेव्हा इथली सुट्टी शुक्रवारी असे.

"झोपतो."

"झोप काय, इंडियात गेल्यावर आहेच की. चला."

मी एसी मेंटेनन्सच्या कंपनीत आहे. या देशात एसी बंद पडला म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आठवड्याचे सहा दिवस लोक मला फोनवरून भाजून काढतात. शुक्रवारी माझ्यात 'नाही' म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून गेलो. शहराबाहेर एक शूटिंग क्लब. आत गारेगार, फोन लॉकरमध्ये. पन्नास मीटरवर कागदाचं कार्ड, आणि परकारभाईंची पॉइंट टू-टू. बंदूक त्यांच्या नावावर, पण ठेवायची क्लबच्याच कुलपात. घरी न्यायची नाही. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की दोन तास मला कुणी 'गॅस भरला का' असं विचारलेलं नाही. मग काय, दर शुक्रवारी जायला लागलो, आणि सुट्टी बदलल्यावर दर रविवारी.

आम्ही चौघं होतो. मी, नागपूरचा साठे, केरळचा बिजू आणि परकारभाई. रायफल एक. क्लबच्या बंदुका भाड्याने मिळायच्या, पण परकारभाईंना तो अपमान वाटे. "आपली असताना?" पद्धत ठरलेली. एकाने पाच मारायच्या, दुसऱ्याने दुर्बिणीला डोळा लावून निकाल सांगायचा, आणि उरलेल्या दोघांनी मागे बसून चहा पीत त्याची टर उडवायची. निकाल घड्याळाप्रमाणे. "आठ, चार वाजता," म्हणजे आठ मार्क, गोळी कार्डाच्या उजवीकडे खाली. परकारभाई दुर्बिणीवर बसले की विचारू नका. "बिजू, नऊ! माशाल्ला! साठे, सहा, साडेसात वाजता. काल भांडलात काय घरी?"

आणि स्वतः? स्वतः अगदीच ढ. पाच, चार, कधी कार्डाच्या बाहेर. साठे म्हणायचा, "परकारभाई, बंदूक तुमची आहे, पण तिला माहीत दिसत नाही." आम्ही पोट धरून हसायचो. मीही हसायचो. तेही हसायचे, आणि तीन गोळ्या मारून उठायचे. "माझ्या दोन तुम्ही मारा. तुमचा हात बसलाय आज."

मग साठेची बदली पार अबुधाबीच्या पलीकडे, रुवैसला झाली. महिनाभर दर रविवारी साडेतीनशे किलोमीटर गाडी हाणत आला बिचारा, मग थकला. बिजू कायमचा गावी गेला. उरलो आम्ही दोघं. तरी पद्धत तीच. पाच तुम्ही, पाच मी, आणि मफ उचलून कानात, "नंबर बदलायचा."

मी कंटाळलो. खरंच सांगतो. या देशात माझं आयुष्य रांगेत गेलं. व्हिसाच्या कागदांसाठी टायपिंग सेंटरला रांग, मेडिकलला रांग, पार्किंगसाठी गल्लीत सात चकरा. आठवड्यातून दोन तास मिळतात, तिथेही नंबर! घरी कुरकुर केली, तर मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट बाय युअर ओन." पोरीचं बरोबर होतं. दोन माणसं, दोन रायफली, शेजारी शेजारी. इतकं सोपं.

लिफ्टमध्येच सांगून टाकलं. परकारभाईंचा चेहरा असा झाला, की जणू मी बिल्डिंग सोडून चाललोय.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला छळलं. सोमवारी, "दोन बंदुका म्हणजे साफसफाई डबल, बघा." मंगळवारी, "वेगवेगळ्या लाइनीत बसणारे सगळे पस्तावतात." बुधवारी दार वाजवून बायकोला सांगितलं, "वहिनी, साहेबांना समजवा, पडून राहिलेली बंदूक रुसते." बायको म्हणाली, "आमच्याकडे रुसायला मी आहे, तेवढं पुरे." गुरुवारी मी दमून भागून आठ वाजता परतलो, तर जिन्यात उभे. हलक्या आवाजात म्हणाले, "असं करू. तुम्ही आठ मारा. मी दोन मारतो. मग तर चालेल?"

माझं डोकं फिरलं. "परकारभाई, मला सत्तेचाळीस वर्षं झाली हो! एक गोष्ट, एकच, माझी एकट्याची असू द्या ना!"

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला वाईट वाटलं, पण बधलो नाही.

रविवारी क्लबमध्ये पोचल्यावर ते नेहमीसारखे रायफल काढायला आत गेले आणि मी ऑफिसात फॉर्म भरायला बसलो. कोच हैदराबादचा. त्याने फॉर्ममध्ये बोट दाखवून विचारलं, "राइट हँड या लेफ्ट?"

"राइट."

"अच्छा है. परकारसाब जैसा मत करना. वो तो लेफ्टी है."

मला वाटलं, हा भलत्याच कुणाबद्दल बोलतोय. परकारभाई उजव्या हाताने जेवतात, उजव्या हाताने लिहितात.

"निशाना बायीं आँख का है उनका," कोच म्हणाला. "शुरू में आये थे तो क्लब की लेफ्टवाली से मारते थे. क्या मारते थे, साब! मैं बोला, कॉम्पिटिशन खेलो. अगले महीने जा के राइटवाली खरीद ली. हर हफ्ते देखता हूँ, मेरा दिल जलता है."

मी फॉर्म तसाच सोडून उठलो. आमच्या लाइनीत परकारभाई रायफल पुसत बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. "तुम्ही डावरे आहात?"

"कोच बोलला? भारी बडबड्या आहे तो." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "शाळेत मास्तरांनी मारून मारून लिहायला उजवा लावला. जेवायचं उजव्याने, ते घरातच शिकवलेलं. पण नेम काय कुणी बदलला नाही."

"मग ही का घेतलीत?"

त्यांनी घडी केलेलं फडकं परत उलगडलं. मग म्हणाले, "एकटा यायचो तेव्हा. एका सुट्टीला दहा गोळ्यांत सत्त्याण्णव आले. शंभरात सत्त्याण्णव, बापटसाहेब! मागे वळून बघितलं, सांगायला कोण नाही. एक सफाईवाला होता, तो पण पाठमोरा. बाहेर येऊन घरी फोन लावला. म्हटलं, अगं, सत्त्याण्णव आले! ही म्हणाली, सत्त्याण्णव काय, दिरहम? कुणी दिले?" ते हसले. "तिची काय चूक? तिने कुठे बंदूक बघितलीय. मग विचार केला, डावी, म्हणजे बोल्ट डावीकडे असलेली, घेतली तर माझ्याशिवाय कोण हात लावणार तिला? सगळी दुनिया उजवी. उजवी घेतली, तर चार माणसं तरी येतील. आली की नाही?"

आली. येऊन सहा वर्षं त्या माणसाच्या नेमाला हसली. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथे उभं राहवेना. मी ऑफिसात गेलो, फॉर्म फाडला आणि कोचला म्हटलं, "वो लेफ्टवाली है अभी भी? एक घंटे के लिये दो."

ती घेऊन आलो, तर परकारभाई घाबरेच झाले. "अहो, भाड्याची कशाला? आणि तुम्हाला नाही जमायची ही."

"न जमू दे. पाच तुमच्या, पाच माझ्या. आधी तुम्ही."

ते बसले. रायफल डाव्या खांद्याला लागली आणि माणूस जो स्थिर झाला, तो बघतच राहिलो. मी दुर्बिणीला डोळा लावला. दहा. पुन्हा दहा. नऊ, अकरा वाजता. दहा. पाचव्या गोळीला तर मी असा ओरडलो, की शेजारच्या लाइनीतले लोक वळून बघायला लागले. "दहा, परकारभाई! मधोमध!"

त्यांनी मफ काढले, सवयीने उठले आणि खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली. पण रायफल काही हातातून सोडली नाही. तसेच उभे राहिले, खाली बघत.

"बापटसाहेब, नंबर तुमचा आहे. पण तुमची हरकत नसेल तर..." इतकं बोलून अडखळले. अख्ख्या करामाला मिक्सर, काटा, कोट वाटत फिरणारा हा माणूस, त्याने सहा वर्षांत माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. "...तर आणखी पाच मी मारू का?"

"मारा हो," मी म्हटलं, "दहा मारा. मला कुठे जायचंय?"