विलगीकरणातली नात

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या संरक्षणाची जबाबदारी माझ्या सासऱ्यांनी अधिकृतपणे स्वीकारली, तेव्हा कॉम्प्युटर ठणठणीत होता. हे आधीच नमूद केलेलं बरं.

आप्पा, म्हणजे सासरे, एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. आलेला कागद आत घ्यायचा की आल्या पावली परत पाठवायचा, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे मेलमधून आलेल्या व्हायरसने शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर बंद पाडला असं कळलं, तेव्हा आप्पा घाबरले नाहीत. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

त्याच दिवशी कॉम्प्युटरवर धुतलेली चादर आली. कीबोर्डला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणं सक्तीचं झालं. मला शिंक आली की माझी तात्पुरती बदली स्वयंपाकघरात व्हायची.

"आप्पा, हा व्हायरस तसला नसतो हो," मी म्हटलं.

"सगळे आधी असंच म्हणतात, सूनबाई. मग अंथरूण धरतात."

पासवर्ड फक्त त्यांनाच माहीत होता. तो टाकताना ते डोक्यावरून टॉवेल घेत. नवऱ्याला मी म्हटलं, तुम्ही तरी बोला. तो पेपरमागून म्हणाला, "आप्पांच्या खात्यात मी लक्ष घालत नाही."

पुढे रीतसर कार्यपद्धती ठरली. मेल पाठवणाऱ्याने आधी फोनवर पूर्वसूचना द्यायची. मेलमध्ये काय लिहिलंय, हे आप्पा त्याला विचारणार. त्याने सांगितलं, तर मजकूर कळला. मजकूर कळल्यावर मेल उघडण्याचं प्रयोजन उरत नाही. सबब मेल न उघडता निकाली. त्याने सांगितलं नाही, तर तो संशयित. सबब मेल विलगीकरणात. अशा रीतीने एकही मेल न उघडता आमचा पत्रव्यवहार सुरळीत चालला होता.

आणि मग माझ्या नणंदेला मुलगी झाली.

नणंद राहते लांबच्या शहरात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलेली. पहिली नात, आणि ती बघायची सोय नाही. मोबाइलवर तेव्हा फक्त बोलता यायचं. नणंदेने फोटो मेलने पाठवला आणि नियमाप्रमाणे फोन केला.

"मेलमध्ये काय आहे?" आप्पांनी विचारलं.

"फोटो आहे, आप्पा. बाळाचा."

"वर्णन सांग."

"आता काय सांगू? गोरीपान आहे. गुटगुटीत आहे. झोपलीय."

"डोळे?"

"मिटलेत."

"किती मिटलेत?"

"दोन्ही, आप्पा!"

"ठीक. मजकूर कळला. निकाली."

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "निकाली काय निकाली? मला बघायचीय ती! अहो, नात आहे आपली!"

"ते सिद्ध व्हायचंय," आप्पा शांतपणे म्हणाले. "फोटोतलं बाळ आपलंच आहे, याची खातरजमा दुसऱ्या फोटोशी ताडून करावी लागेल."

"मग दुसरा मागवा!"

"तोही मेलनेच येणार. त्याची खातरजमा तिसऱ्याशी."

नणंद म्हणाली, टपालाने पाठवते. आप्पा कडवट हसले. "टपालाचं पुढे काय होतं ते मला विचार. आयुष्यभर मीच घेत होतो."

नात विलगीकरणात गेली. सासूबाईंनी आप्पांशी बोलणं टाकलं. त्या दिवसभर लोकरीची टोपी विणायच्या आणि संध्याकाळी उसवायच्या. डोकं केवढं आहे तेच ठाऊक नव्हतं. एकदा मला हळूच म्हणाल्या, "हनुवटी कुणासारखी असेल गं?" चादरीखाली, हातभर अंतरावर ती हनुवटी होती.

अशातच तो मेल आला. विषय होता 'अतितातडीचे: व्हायरस प्रतिबंधक अधिकृत नियमावली'. संदर्भ क्रमांक होता, खाली 'आदेशावरून' होतं आणि शेजारी जांभळा गोल शिक्का, थोडा पुसट, थोडा तिरका. खऱ्या शिक्क्यासारखा. कुणातरी ओळखीच्या माणसाने तो आम्हाला पुढे पाठवला होता, पण शिक्का असल्यावर मधल्या माणसाकडे कोण बघतं?

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"फोन करून खात्री करायची ना?" मी विचारलं.

"वरच्या कार्यालयाची खात्री? शिस्त नावाची काही चीज असते, सूनबाई." आणि त्यांनी सोबतची फाइल उभ्यानेच उघडली. कॉम्प्युटर घरघरला, पडदा निळा झाला, मग काळा. आप्पा समाधानाने म्हणाले, "अंमलबजावणी सुरू झाली."

झाली होतीच. त्या व्हायरसची खोड अशी, की कॉम्प्युटरमधली एखादी वस्तू उचलायची आणि पत्ते असतील त्या सगळ्यांना वाटायची. आमच्या कॉम्प्युटरमध्ये उघडण्यासारखं काही नव्हतंच. विलगीकरणात एक नात तेवढी होती.

सकाळी खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यातून ओरडला, "आजीबाई, अभिनंदन! हनुवटी थेट तुमची!"

मग दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, बाळ फार गोड आहे म्हणून. आप्पांच्या जुन्या साहेबांनी कळवलं, "नात मिळाली. नोंद घेतली." अख्ख्या गावाने आमची नात पाहिली होती. फक्त आजीने पाहिली नव्हती.

सासूबाईंनी काठी घेतली आणि घरातल्याच चपलांवर जिना उतरल्या. कपड्यांचे नमुने दाखवायला शिंप्याने कॉम्प्युटर ठेवला होता, त्याच्यासमोर जाऊन बसल्या. पडदा लुकलुकत होता, शिंप्याचे नमुने एकेक करून गायब होत होते, तो कपाळाला हात लावून उभा होता. सासूबाईंनी पडद्यावरच्या गालावर बोट फिरवलं. "माझीच गं," म्हणाल्या, आणि रडता रडता इतक्या हसल्या की शिंपीही हसायला लागला. मागे आप्पा येऊन उभे होते. हात न धुता.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याच्या दुकानातलीही मशीन बंद पडली होती. "माहीत होतं मला," तो ओशाळून म्हणाला, "पण बाळ गोड होतं हो." त्याने मग शोधून काढलं, की तो शिक्क्याचा मेल आमच्याकडे नेमका कुणाकडून आला.

आप्पांना मघापासून हसताय ना? हसा. मेल तुमच्याकडून आला होता. 'सर्वांच्या भल्यासाठी, जरूर पुढे पाठवा' असं खाली होतं, आणि तुम्ही तो न वाचताच पाठवला होता. मान हलवू नका, बाळासोबत शिंप्याकडे पोचलेला व्हायरसही मूळचा तुमचाच होता.

आप्पांनी तुमच्या नावे खुलासा मागवायला घेतला होता. सासूबाईंनी तो कागद काढून घेतला. तुमचे मनापासून आभार मानायला सांगितलंय त्यांनी. आणि म्हणाल्या, सहा-सात महिन्यांनी बाळाला दात येतील, तेव्हाही असंच काहीतरी पाठवा.