नवसागर आधी

हिक्मेत उस्तादांनी बुधवारी सकाळी नवा शर्ट घातला, तेव्हाच त्यांच्या बायकोला, नेझाहतला, कळलं की नवऱ्याच्या मनात काहीतरी शिजतंय. भांड्यांना कल्हई करणारा माणूस कामाच्या दिवशी नवा शर्ट घालत नाही.

"तुर्हालला जाऊन येतो," उस्ताद म्हणाले. "कथील संपलंय."

"इथं तोकातमध्ये मिळत नाही वाटतं?"

"मिळतं. पण हल्ली त्यात शिसं फार घालतात मेले."

"जा मग. मीही आज बहिणीकडे जाईन म्हणते," असं म्हणून नेझाहत चहाचे पेले विसळायला लागली. एरवी ती एवढ्यावर सोडणारी बाई नव्हती, पण उस्ताद स्वतःचं खोटं निभावण्यात इतके गुंतले होते की त्यांना ते जाणवलंच नाही.

कथील दुकानात तीन महिने पुरेल इतकं पडलेलं होतं. तुर्हालच्या थिएटरात त्यांच्या मुलाचा, तायलानचा, सिनेमा लागला होता. तसा तो तोकातमध्येही लागला होता, घरापासून दहा मिनिटांवर. पण तिथं उस्तादांना कुणी पाहिलं असतं तर सात वर्षांचा हट्ट पाण्यात गेला असता. सात वर्षांपूर्वी तायलान एका लग्नघरची भली थोरली कढई अर्धीच कल्हई करून टाकून गेला आणि सिनेमा शिकायला इस्तंबूलच्या बसमध्ये बसला. त्या संध्याकाळी उस्तादांनी चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मला मुलगा नाही." मुलगा दोनदा घरी येऊन गेला. दोन्ही वेळा उस्ताद मागच्या दाराने सटकले. त्यांनी केलेली कल्हई दहा दहा वर्षं निघत नाही असं तोकातमध्ये म्हणतात, आणि शब्दाचंही तेच.

आता या सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं होतं, आणि गोष्ट म्हणे एका कल्हईवाल्या बापाची आणि त्याच्याशी अबोला असलेल्या मुलाची. चहाच्या दुकानातल्या वर्तमानपत्रात त्या बातमीच्या जागी चौकोनी भोक होतं. उस्तादांना वाईट वाटू नये म्हणून नुसरेत न्हाव्याने आपल्या कात्रीने ती बातमी कापून काढली होती. उस्तादांनी ती आधीच औषधवाल्याकडे उभ्याउभ्या चार वेळा वाचली होती. तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता. पोराने आपल्याला पडद्यावर काय म्हणून उभं केलंय? राक्षस म्हणून दाखवलं असेल तर एक वेळ चालेल. पण कच्चा कारागीर म्हणून दाखवलं असेल तर?

तुर्हालच्या मिनीबसमध्ये पाय ठेवला तो समोर नुसरेत.

"दात दुखतोय हो, उस्ताद. तुर्हालला एक चांगला दातवाला आहे म्हणतात."

"तुझ्या तोंडात दात उरलेत किती?"

"तीन. पण तिन्ही ठणकतायत."

मागच्या बाकावर चहावाला झिहनी काळा कोट घालून बसला होता. तो म्हणाला, "एकांना भेटायला चाललोय. घरात मयत झालंय त्यांच्या."

"अरेरे! कोण गेलं?"

"ते... तिथं गेल्यावर कळेल," झिहनी म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

पाऊण तास तिघं हवापाण्यावर बोलले. तुर्हालला उतरताच तिघंही कुणीतरी मागे लागल्यासारखे तीन दिशांना पांगले. उस्ताद मशिदीमागून वळसा घालून, टोपी भुवयांपर्यंत ओढून, खेळ सुरू झाल्यावरच थिएटरात शिरले. अंधारात चाचपडत कडेची एक खुर्ची गाठली आणि श्वास रोखून बसले.

पडद्यावर एक माणूस तपेली बोटाच्या पेराने वाजवून कान लावून ऐकत होता. उस्ताद सरसावून बसले. तपेली कुठे चिरली आहे ते असं आवाजावरून ओळखणारा माणूस अख्ख्या तोकातमध्ये एकच होता. मग तो पडद्यावरचा बाप एका श्रीमंत गिऱ्हाइकाला म्हणाला, "तांबं खोटं बोलत नाही. बोलतो तो भांडं आणणारा." सगळं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी शेजारच्या बायकोला म्हणालं, "काय रुबाब आहे बघ म्हाताऱ्याचा!" उस्तादांची छाती अंधारातच दोन बोटं फुगली. पोराने राक्षस केला नव्हता. पोराने सिंह केला होता.

आणि मग तो प्रसंग आला. लालबुंद निखारे, वर मोठी परात. पडद्यावरच्या बापाने तापलेल्या परातीवर कथलाची कांडी फिरवली, कापसाचा बोळा घेतला, आणि मग, सगळं झाल्यावर, जेवणावर मीठ भुरभुरावं तसा चिमूटभर नवसागर टाकला.

उस्तादांनी खुर्चीचे हात आवळले. जीभ दाताखाली धरली. पण चाळीस वर्षांचा धंदा जिभेपेक्षा जबर होता.

"नवसागर आधी, गाढवा!" ते उभे राहून ओरडले. "आधी नवसागर! नाहीतर कथील धरेल कशाला?"

यंत्रवाल्याला वाटलं, कुणाला तरी झटका आला. त्याने सिनेमा थांबवला आणि सगळे दिवे लावले.

"अहो, बसा खाली! लोक बघतायत!" तीन रांगा पुढून एक ओळखीचा आवाज आला. नेझाहत ओंजळभर सूर्यफुलाच्या बिया घेऊन बसली होती.

"तू बहिणीकडे गेली होतीस ना?"

"आणि तुम्ही कथील आणायला ना?"

तिच्या पलीकडे तिची बहीण होती. खांबाआडून नुसरेतने, गालाला हात लावून, सलाम केला. झिहनी खुर्चीत इतका खाली घसरला होता की नुसता काळा कोटच बसलाय असं वाटावं. तो कबुलीच्या सुरात म्हणाला, "उस्ताद, तिसऱ्यांदा बघतोय मी. लई भारी काढलाय हो."

"सिनेमा चालू करा!" तुर्हालचा एक तरुण ओरडला.

"थांब रे, बरोबर बोलतोय तो," एक जाडजूड बाई म्हणाली. "माझ्या कढईची कल्हई दोन महिन्यांत निघाली. असंच केलं असणार त्या मेल्याने."

एवढा आधार उस्तादांना पुरला. ते तरातरा पडद्यापुढे गेले आणि तुर्हालकरांना हातवारे करून समजावू लागले. भांडं कसं तापवायचं, धूर कसा उठला पाहिजे, कापूस कसा फिरवायचा. लोक मान डोलावू लागले. एकाने तर भिजलेलं तांबं चालेल का असंही विचारलं. उस्तादांना आता कसलंच भान उरलं नाही.

"हे असलं बघून लोक म्हणतील, तोकातच्या हिक्मेतने हेच शिकवलं! अरे, ज्याने हा सिनेमा काढलाय ना, त्याला दहा वर्षं शिकवलंय मी, दहा वर्षं!"

तोकातच्या मंडळींनी उस्तादांच्या तोंडून मुलाचा उल्लेख सात वर्षांत ऐकला नव्हता. स्वतः उस्तादांनीही ऐकला नव्हता.

"आठ, बाबा," शेवटच्या रांगेतून आवाज आला. "पहिली दोन वर्षं मी नुसता भाता ओढला."

तायलान उभा होता. दाढी वाढलेली, डोळे थेट आईसारखे.

"भाता ओढणं म्हणजे शिकणं नव्हे काय?" उस्ताद गरजले. सात वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य ते हे. "आणि तू इथं काय करतोयस?"

"चार दिवस दुपारच्या खेळाला येऊन बसतोय. तोकातमध्ये तुम्ही येणार नाही हे ठाऊक होतं. अमास्यालाही लागलाय, पण तिथला लांबचा रस्ता तुमच्या कमरेला झेपत नाही. राहिलं तुर्हाल."

"ते राहू दे. नवसागर नंतर का?"

तायलान मधल्या वाटेने पुढे आला. "घरी आलो, तुम्ही भेटला नाहीत. पत्रं लिहिली, तुम्ही फोडली नाहीत. मग विचार केला, समोर चूक दिसली आणि बाबा गप्प बसले, असं कधी झालंय का? म्हणून एक चूक मुद्दाम ठेवली. आमचा नट बिचारा बरोबरच करत होता, मीच त्याला उलटं करायला लावलं."

उस्तादांनी टोपी भुवयांवरून मागे सरकवली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे विसरला नाहीस तू."

"नाही, बाबा."

"म्हण बघू."

भर थिएटरात, देशोदेशी बक्षिसं मिळवलेला तो दिग्दर्शक शाळेतल्या पोरासारखा हात बांधून उभा राहिला. "घासायचं. तापवायचं. नवसागर. कथील. कापूस."

उस्तादांनी उजवा हात पुढे केला. तायलानने वाकून तो ओठांना लावला, मग कपाळाला, आणि कपाळ तिथंच टेकवून ठेवलं. नेझाहतने डोळ्यांना रुमाल लावला. नुसरेत हुंदके देऊन रडू लागला, आणि कुणी पाहिलं की दात दुखतोय म्हणू लागला.

दिवे मालवले. उस्ताद बायको आणि मुलगा यांच्या मधे बसले आणि सिनेमा पुढे सुरू झाला. पडद्यावर बर्फ पडत होतं. मुलगा दारावर थापा मारत होता, "बाबा! बाबा!" आणि आत तो सिंहासारखा बाप शेगडीपाशी पाठ करून बसून होता. उस्तादांची चुळबुळ सुरू झाली. आधी ते पुटपुटले, मग त्यांना राहवेना.

"माणूस आहे की कोण हा? पोरगं गारठून मरेल की तिथं! अरे, उघड ना दार!"

पुढच्या रांगेतला तुर्हालचा तरुण वैतागून वळला. "काका, जरा गप्प बसा हो. शेवटी उघडतो तो."

"शेवटी?" उस्तादांचा आवाज कापला. "शेवटी कशाला? इतका उशीर का लावायचा माणसाने?"

थिएटरातल्या एकाही तोकातकराने मागे वळून पाहिलं नाही. तायलानने अंधारात बापाचा हात धरला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.