कूलरमधली लाट

चंपतरावांनी काउंटरवरचा कॅमेरा उचलला, कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिला.

"काका, माठ नाही तो," दुकानदार सुशील म्हणाला.

"माठ असो का कॅमेरा, पाण्याची चीज वाजवूनच घ्यावं लागते. गळते का हा?"

"कॅमेरा गळते काका, डबी नाही गळत. ही पारदर्शक डबी लावली की तीस मीटर खोल घेऊन जा. डिसेंबरपासून हेच तर सांगून राहिलो मी तुमाले."

आता मे महिना निम्मा सरला होता. डिसेंबर ते मे या काळात माणसं मुलीचं लग्न जमवतात, घराचा मजला चढवतात. वीज खात्यात मीटर वाचण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झालेले चंपतराव एक कॅमेरा निवडत होते. त्यासाठी त्यांनी दोनशे पानी वही घातली होती. महागडे कॅमेरे पहिल्याच पानावर बाद झाले. उरलेल्यांत कुणाची बॅटरी तासाभरात मान टाकायची, कुणाचं चित्र थरथरायचं, तर कुणी हातातून सुटला की सरळ तळ गाठायचा.

या सगळ्याला कारण झाली गुंजन. चंपतरावांची ही एकुलती एक लेक चेन्नईला नोकरी करायची आणि रविवारी पहाटे समुद्रावर जाऊन फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला शिकायची. डिसेंबरात तिने त्याचा व्हिडिओ पाठवला. चंपतरावांनी तो इतक्या वेळा पाहिला की शेवटी फोन तापला. मग गुंजनचा फोन आला, "बाबा, तुम्ही अन् आई या नं. तुम्हालेबी उभं करते मी फळीवर."

चंपतरावांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. नागपुरातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. लग्नानंतर जायचं ठरलं, तेव्हा चिखलदऱ्यावर भागवलं. ऑफिसची सहल गोव्याला गेली, तेव्हा नेमकी गुंजनला कांजिण्या आल्या. पण समुद्र पाहायची हौस अजून जिवंत होती, आणि हे त्यांनी बायको रुख्मिणीबाईंखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं.

निमंत्रण आलं त्याच दिवशी निघायला काय हरकत होती? पण मनीषनगरातले शेजारी महादेवराव आडवे आले.

"तू अन् लाटेवर उभा राहशीन? चंपत, तुले सायकलवरून उतरता येत नाही गा धड. फोटो दाखवजो, मंग मानतो."

झालं. पुरावा हवा म्हणजे कॅमेरा हवा, तो पाण्यात चालणारा हवा आणि पेन्शनीत बसणारा हवा. कॅमेरा ठरल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, असं चंपतरावांनी जाहीर करून टाकलं. रुख्मिणीबाईंनी गुंजनसाठी जानेवारीत तिळाचे लाडू केले, मार्चमध्ये शेवयांसारखे गव्हाचे सरगुंडे वाळवून डब्यात भरले. लाडू घरीच संपले. सरगुंड्यांचा डबा अजून वाट पाहत होता.

"अहो, पोरीले पाहून सात महिने झाले," त्या म्हणायच्या.

"होऊ दे वं, दोनच कॅमेरे उरले आता," चंपतराव वहीतून मान वर न करता म्हणायचे.

तर त्या दिवशी चंपतरावांनी अखेर कॅमेरा घेतला. दहा दिवसांत परत करायची सोय होती, म्हणजे परीक्षेला दहा दिवस होते. डबीत टिपकागद घालून त्यांनी ती तासभर बादलीत बुडवली. कागद कोरडा. मग दोन तास ड्रममध्ये. तरी कोरडा. पण चंपतरावांचं समाधान होईना. बादलीतलं पाणी मुकाट पडून राहतं, समुद्राचं हलतं. मनीषनगरात हलतं पाणी आणायचं कुठून?

पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी त्यांची नजर खिडकीला लावलेल्या कूलरवर गेली. टाकीत पंप घरघरत होता, पाणी वर चढत होतं, गवताच्या ताट्यांतून झरझर खाली येत होतं. हाच तो समुद्र! त्यांनी कॅमेऱ्याला तरंगणारा पिवळा दांडा जोडला, चालू केला आणि दोरीसकट टाकीत सोडून दिला.

"रुख्मे, मी येतो धरमपेठेतून. कूलरले हात लावू नको."

"आता काहून चालले उन्हाचे?"

"सुशीलले इचारतो, खाऱ्या पाण्याचा कागदावर काय परिणाम होते ते."

ते गेल्यावर अर्ध्या तासात कॅमेऱ्याची दोरी पंपात गुंडाळली गेली. पंप गुरगुरला आणि गप्प झाला. ताट्या वाळल्या आणि कूलर भट्टीवर ठेवल्यासारखी गरम हवा फेकू लागला. रुख्मिणीबाईंनी पाच मिनिटं पदराने वारा घेतला, दहा मिनिटं नवऱ्याला मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग उठून कूलरची बाजूची ताटी काढली.

चंपतराव संध्याकाळी परतले तेव्हा कूलर गार वारा देत होता आणि रुख्मिणीबाई कोथिंबीर निवडत होत्या. चंपतरावांनी टाकीतून कॅमेरा काढला, त्यात जादा बॅटरी घातली आणि गच्चीवर जाऊन बघत बसले.

आधी नुसता अंधार आणि पाण्याची झरझर. मग एक हिसका, गुरगुर, शांतता. मग एकदम उजेड पडला आणि रुख्मिणीबाईंचा चेहरा टाकीवर वाकलेला दिसला, खालून पाहिल्यामुळे हनुवटीच जास्त. त्यांनी दोरी सोडवली, पाण्याचा पाइप टाकीत धरला आणि फोन कूलरच्या कडेवर ठेवला. फोनमधून गुंजनचा आवाज येत होता.

"आई, एक तारखेपासून गुडगावले जा म्हणते कंपनी. तिथं कुठला समुद्र? बाबांले सांगू नको आत्ताच."

"नाही सांगत. ते कॅमेऱ्यात मस्त गुंतून राहिले."

"फळी शिकताना मी दरवेळी म्हणायची, एकदा बाबांले उभं करायचं. राहून गेलं गं."

पाणी पडत राहिलं. रुख्मिणीबाईंनी पाइप दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "त्याईले समुद्र पाह्याचा हाय माय, अन् मले तू. दोघायचंबी राहून गेलं."

इथे चित्र तुटलं, टाकीतल्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. चंपतराव काळ्या पडद्याकडे बघत बसले. पाच महिने पानोपानी वही भरली, त्यात हा हिशेब कुठेच नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि लेकीची इतकी आठवण आली की नाक शिंकरावं लागलं.

आपण चोरून ऐकलं हे बायकोला कळू नये म्हणून ते पाय न वाजवता खाली आले, कॅमेरा होता तसा टाकीत सोडला आणि घरात येऊन घसा खाकरला.

"रुख्मे, तिकीट काढून राहिलो मी. परवाची गाडी."

"अन् कॅमेरा?"

"पास झाला. मे महिन्यात समुद्र चांगला राहते म्हणते सुशील."

"सुशीलले काय समजते समुद्रातलं?" असं म्हणून रुख्मिणीबाई सरगुंड्यांचा डबा काढायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंपतराव समुद्रासमोर उभे होते. त्यांना वाटलं होतं आपण ओरडू, नाचू, निदान काहीतरी म्हणू. ते फक्त टोपी काढून उभे राहिले. पाणी येत होतं, जात होतं आणि संपतच नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांना पुरावा आठवला. त्यांनी पिशवीत हात घातला. जादा बॅटरी निघाली, मनगटाला बांधायचा पट्टा निघाला, टिपकागदाचा अख्खा गठ्ठा निघाला. कॅमेरा कूलरच्या टाकीतच राहिला होता!

"रुख्मे, घात झाला!"

"कूलरात हाय तो," रुख्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. "निंघताना टाकी खाली केली तवा पाह्यला मी."

"मंग आणला काहून नाही वं?"

"आणला असता तं तुम्ही पोरीले त्याच्यातूनच पाह्यलं असतं."

चंपतराव काही बोलणार, तेवढ्यात त्यांना वेगळीच शंका आली. "तू त्या दिवशी फोन नेमका कूलरवर काहून ठेवला होता?"

"तुमाले कसं माहीत?" रुख्मिणीबाईंनी विचारलं आणि पदर तोंडाला लावला. "अहो, लाल दिवा लागून होता त्याचा. मी काही आंधळी नाही. पाच महिने तोंडानं सांगून पाह्यलं, तुम्ही ऐकलं नाही. म्हटलं, त्याच्यातलं तरी ऐकतीन."

लांबून गुंजन फळी घेऊन आली. तिने बापाला फळीवर आडवं केलं, लाट आल्यावर ढकललं आणि ओरडली, "बाबा, उठा!" चंपतराव उठले. दोन सेकंद उभे राहिले आणि बदकन पाण्यात पडले. नाकातोंडात समुद्र गेला. वर आले तेव्हा लेकीने त्यांचा दंड घट्ट धरला होता. या सगळ्याचा फोटो कुणीही काढला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात महादेवराव पुरावा पाहायला आले. चंपतरावांनी कॅमेरा टीव्हीला जोडला. दोन दिवस पाण्यात राहूनही डबीत थेंब शिरला नव्हता. पडद्यावर अंधार, झरझर, मग उजेड आणि रुख्मिणीबाईंची हनुवटी.

"हे तं कूलर हाय गा," महादेवराव म्हणाले.

"हाव," चंपतराव म्हणाले.

"अन् समुद्र?"

चंपतरावांनी हाताने गप्प बसायची खूण केली. पडद्यावर गुंजन बोलायला लागली होती. तिला गुडगावला जाऊन पाच दिवस झाले होते. स्वयंपाकघरातून रुख्मिणीबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आवाज वाढवा नं थोडा."