चार मिनिटांचा जिना

दोन रेल्वेमार्ग माझ्यासमोर टाका. त्यांची गाठ कुठे मारायची ते मी चहा संपायच्या आत सांगतो! अकरा वर्षं शहर रेल्वेच्या नियोजन विभागात काढलीत, काय समजलात? आमच्या भाषेत त्याला इंटरचेंज म्हणतात. तुमच्या भाषेत गाडी बदलायचं स्टेशन. लोकांना वाटतं, नकाशावर दोन रेघा जिथे भेटतात तिथे एक गोल काढला की झालं. तसं नसतं हो! त्याला नजर लागते. ती माझ्याकडे आहे, असं मी परवा-परवापर्यंत मानत होतो.

प्रश्न होता नव्या मार्गाचा. जुन्या मार्गाला तो एकतर हॉस्पिटलपाशी गाठणार, नाहीतर ग्रंथालयापाशी. हॉस्पिटलपाशी एका फलाटाच्या डोक्यावर दुसरा फलाट, मध्ये एकच सरकता जिना. पण त्यासाठी नवा मार्ग वाकवावा लागत होता. आणि वाकडी रेघ बघितली की माझं डोकं उठतं! त्या पर्यायाचा नकाशा मी उघडून धड बघितलासुद्धा नाही. ग्रंथालयाला मार्ग कसा पट्टीने आखल्यासारखा सरळ! फक्त जुनं स्टेशन जरा लांब, म्हणून तीनशे दहा मीटरचा भुयारी रस्ता आणि चौपन्न पायऱ्या. मी अहवालात लिहून टाकलं: "गाडी बदलण्यास लागणारा वेळ, चार मिनिटे."

शनिवारी संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांचा एक नियम आहे. प्रत्यक्ष चालून पाहिल्याशिवाय ते वेळेच्या आकड्यावर सही करत नाहीत.

"ही चार मिनिटं कोण चाललं?"

"मी, साहेब! ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर, तेवढंच अंतर मोजून. आणि मग जिना."

"पायात काय होतं?"

"पळायचे बूट."

"हातात?"

"काही नाही."

साहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा आपण खुर्चीच्या कडेवर सरकायचं असतं.

"अहो, तुम्ही म्हणजे शहर आहात का? मला निदान दहा माणसांच्या वेळा हव्यात. सोमवारी दहा वाजता माझी सही, की पुढच्या महिन्यात खोदकाम. एकदा खोदलं की ते स्टेशन शंभर वर्षं तिथून हलत नाही!"

आता रविवारी मी दहा माणसं कुठून आणणार? पण म्हटलं, घाबरतो कशाला, आपली इमारत आहे की! पार्किंगला तीन फेऱ्या, मग तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना, मग व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेप लावून मोजलं. बरोबर तीनशे दहा मीटर आणि पायऱ्या मोजून चौपन्न! देवानेच बांधून दिल्यासारखी इमारत.

रविवारी सकाळी सातला उठून मी खडूने बाण काढले. पांढरा खडू पार्किंगमध्येच संपला, मग पुढे लाल घेतला. खाली भिंतीवर लिहिलं "फलाट १". वर व्हरांड्याच्या शेवटी मेट्रनबाईंचं दार आहे. तीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड गाजवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या दाराशेजारी लिहिलं "फलाट २". आणि घरी आलो. म्हटलं, आधी चहा घ्यावा, मग एकेकाच्या दारी जाऊन नम्रपणे विनंती करावी.

हीच चूक झाली!

शहर रेल्वेतला माणूस सकाळी सकाळी टेप घेऊन फिरतो, भिंतींवर लाल खुणा करतो आणि कुणाला काही न सांगता दार लावून बसतो. यावरून लोक काय समजतील, सांगा! माझा पहिला घोट पोटात जायच्या आत खाली गलका सुरू झाला. खिडकीतून पाहिलं तर पार्किंगमध्ये अर्धी इमारत जमलेली. मध्ये सोसायटीचे सेक्रेटरी, हातात काठी.

मी धावत खाली गेलो.

"आलात?" सेक्रेटरी गरजले. "किती दिवसांत रिकामी करायची, तेवढं सांगा!"

"काय रिकामी करायची?"

"इमारत! स्टेशन येतंय ना इथे? फलाट क्रमांक एक इथे, दोन मेट्रनबाईंच्या घरात!"

"अहो, छे छे! इथे काही बांधणार नाहीत! इथे फक्त प्रवासी चालतील!"

"किती?"

सवय वाईट असते हो. आकडा विचारला की माझ्या तोंडून आपोआप आकडा बाहेर पडतो.

"दिवसाला ऐंशी हजार."

तळमजल्यावरचे टेलरकाका मटकन खाली बसले. "ऐंशी हजार! माझ्या दारावरून!"

"तुमच्या दारावरून नव्हे हो! म्हणजे... ते नंतर! आधी दहाच!"

"बघा, आधी दहा, मग ऐंशी हजार! हे असंच करतात!"

कुणीतरी तेवढ्यात भावाला टेम्पो घेऊन बोलावलंसुद्धा. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी पुस्तकांची बॅग भरून खाली आणली. त्यांची सून तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन, खांद्याला भलीमोठी पिशवी अडकवून उभी. मी बोलतोय ते कुणी ऐकेल तर शपथ!

"शांत राहा!" सेक्रेटरी म्हणाले. "बाण कुठकुठून जातात ते आधी बघू. म्हणजे कुणाकुणाची घरं जाणार ते कळेल. चला माझ्यामागून!"

आणि निघाली की हो वरात! पार्किंगची एक फेरी झाली. दुसरी झाली.

"परत इथेच आलो," टेलरकाका कुजबुजले. "पार्किंग तीनदा घेणार की काय?"

तिसऱ्या फेरीनंतर मंडळी जिन्याला लागली. मी मागून "ऐका तरी!" म्हणून ओरडतोय. तेवढ्यात वरून मेट्रनबाई उतरायला लागल्या. त्यांना बाण कुठून सुरू होतात ते बघायचं होतं! त्यांच्यामागे तिसरा मजला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन्ही फौजा भिडल्या. प्राध्यापकांची बॅग अडकली, बाळाने भोकाड पसरलं, सेक्रेटरींची काठी कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात गुंतली. ना कुणी वर, ना कुणी खाली!

आणि त्या गर्दीच्या खाली, पहिल्या वळणावर, मला आई दिसली. पायरीवर बसली होती. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीवर.

"आई! तू कशाला आलीस?"

"आपलं घर राहतंय का ते बघायला," ती धापा टाकत म्हणाली. "पण आता नाही होत रे. तुम्ही व्हा पुढे. मी मागून येते."

ही बाई दर आठवड्याला गुडघ्यासाठी हॉस्पिटलात जाते. माझ्या ग्रंथालयाच्या स्टेशनात तीसुद्धा गाडी बदलणार होती! अहवालात मी तिलाच चार मिनिटं दिली होती. अकरा वर्षांत मला तिचा गुडघा एकदाही नकाशावर दिसला नव्हता. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

मी तिला हात दिला. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. वर पोचलो तेव्हा गुंता सुटला होता आणि "फलाट २"पाशी माझी बायको उभी होती. ती शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात घड्याळ, हातात हजेरीची वही.

"आई, सतरा मिनिटं चाळीस सेकंद," तिने लिहून घेतलं. "एकूण एकोणीस जण झाले."

"म्हणजे? तू वेळा लावत होतीस?"

"सेक्रेटरींनी पहिलं पाऊल टाकलेलं मी गॅलरीतून बघितलं आणि घड्याळ सुरू केलं."

"अगं, मग त्यांना खरं काय ते सांगायचं ना!"

"अहो, सांगितलं असतं तर सगळे घरी गेले असते. मग दहा माणसं कुठून आणणार होतात?"

मी हात जोडून व्हरांड्यात उभा राहिलो आणि सगळ्यांना सगळं सांगितलं. मग दहा मिनिटं शिव्या. त्या मी निमूट खाल्ल्या. आणि मग, तुमचा विश्वास बसणार नाही, त्याच माणसांनी मला चहा दिला आणि ती बोलायला लागली! सेक्रेटरी म्हणाले, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर कसे घालता? प्राध्यापकांची सून म्हणाली, कडेवर मूल असलं की कठडा धरायला हात उरत नाही. मेट्रनबाईंनी तर दमच भरला: "हॉस्पिटलला येणारी माणसं आजारी असतात! त्यांना ग्रंथालयाच्या भुयारातून चालवता?" मी शब्दन् शब्द लिहून घेतला. टेम्पोवाल्या भावालाही चहा पाजून परत पाठवलं.

सोमवारी साहेबांनी यादी वाचली. सगळ्यात कमी सहा मिनिटं. चार कुणाचीच नाहीत.

"हे सतरा चाळीस कोण?"

"माझी आई, साहेब."

साहेबांनी पेन उचललं. ग्रंथालयावर काट मारली, हॉस्पिटलवर गोल केला आणि सही ठोकली. मग म्हणाले, "या एकोणीस जणांचे आभार अहवालात छापा. पहिल्या पानावर."

छापले! टेलरकाकांपासून मेट्रनबाईंपर्यंत सगळ्यांचे. त्या माणसांनी मला शंभर वर्षांच्या शिव्याशापांतून सोडवलं, याची जाणीव मी मरेपर्यंत ठेवीन. बायकोची तर पुढच्या जन्मातही.

नंतर जागेवर येऊन मी तो वाकड्या रेघेचा नकाशा पहिल्यांदा नीट उघडला. हॉस्पिटलकडे वळताना बोगदा कुठकुठून जातो ते बोटाने बघत गेलो. बोट एका चौकोनावर थांबलं. मी चष्मा पुसला. परत पाहिलं.

आमची इमारत! पंचवीस मीटर खाली, पण बरोबर आमच्याच पार्किंगखालून.

घरी जाऊन घाबरत घाबरत आधी आईला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "घर राहतंय ना?"

"राहतंय. कपसुद्धा हलणार नाही."

"आणि तिथे गाडी बदलायला जिना चढायचा नाही ना?"

"नाही."

"मग जाऊ दे की खालून. शहाणा माझा बाळ!"

आईचं झालं. बायको म्हणाली, "छान." राहिले अठरा जण. सेक्रेटरींना मी येत्या रविवारी सांगणार आहे. तोवर, कृपा करून, तुम्ही कुणी मेट्रनबाईंपाशी बोलू नका!